पायाळूची वीज

हस्ताची सायंकाळ. ताम्रवर्ण, तप्त, तुंबलेली. गावामागच्या कातळी सड्यावर काजळकाळे मेघ ओथंबले होते. पिकल्या भातावर गंधकी उजेड सांडला होता.

मेघांच्या उदरात हिमकण गारांवर घासत होते, घासून घासून धुमसत होते. माथ्याला एक विद्युतभार, तळाला दुसरा, मधे न बोललेले वैर. एकत्र कुटुंबच म्हणा ना.

खाली माजघराच्या काळोखात कालिंदी कोंडलेली. ती पायाळू, जन्मताना पाय आधी आले. पायाळूवर वीज धावते म्हणे, म्हणून ढग गडगडला की सासरी तिला कडी. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली, की त्याच पायांना आमंत्रण: पाय लाव बाई, तुझ्या पायाला गुण आहे!

कडाडली. परसातला माड पेटला.

सासरे दत्तोबा गरजत आले, कडी काढली. "नीघ! आज माड गेला, उद्या घर जाईल!"

ती आत होती, वीज बाहेर होती; गुन्हा मात्र तिचाच. नवरा विश्राम खांबाला टेकून नखे निरखत राहिला. नखे फार सुंदर असावीत.

तिची ट्रंक भिरकावायला दत्तोबा स्वतः वाकले. वाकले ते वाकलेच.

"आई गं! उसण! कालिंदी, पोरी, पाय लाव गं!"

"ह्याच पायांनी वीज आणली ना, मामंजी?"

"अक्कल मागनं शिकव! आधी पाय लाव!"

आणि ते भुईवर पालथे झाले.

वीज वरून पडते, असे लोक सांगतात. लोकांचे काय! ढगातून उतरतो तो नुसता फिकट, चाचपडणारा, फाटे फुटलेला माग. त्याला सामोरी जमिनीतून ठिणगी उठते. दोघांची गाठ पडली, की डोळे दिपवणारा तो लोळ भुईकडून आभाळाकडे धावतो. खालून वर. तुडवल्या मातीकडून माथ्यावरच्या मेघांकडे.

कालिंदीच्या टाचेत ती ठिणगी उठली. सारवलेल्या थंड भुईतून, पोटऱ्यांतून, कडीबंद वर्षांच्या काळोखातून, थेट कंठापर्यंत. पाय उचलला गेला.

रिवाज हलक्या स्पर्शाचा. तिने सगळी वर्षे टाचेवर तोलली.

दत्तोबा किंचाळले. पाठ मात्र, रिवाजाप्रमाणे, मोकळी झाली. ट्रंकेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तिनेच ती आत नेऊन ठेवली. माजघराची खिळखिळी कडी कोयंड्यासकट उपसली, जळत्या माडाकडे भिरकावली, आणि उघड्या उंबऱ्यावर बसली, दोन्ही पाय आभाळाकडे पसरून.

दूर, काळ्या सड्यावर, पुन्हा एक लखलखली. शुभ्र, संतप्त, सरळ. खालून वर.