किलब्रेचा संत

एल्स्पेट रेनीने सत्तावीस वर्षं सायकलवरून किलब्रे पॅरिशच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलं. कुठल्या पडक्या भिंतीला काय म्हणतात, कुठल्या शेताचं नाव कुणाच्या भांडणावरून पडलं, हे तिने दारोदारी चहा पिता पिता गोळा केलं होतं. आठ वह्या भरल्या. कुणी मागितल्या नाहीत, तिनेही दाखवल्या नाहीत.

मग एडिनबराहून व्हेरिटी पीक राहायला आली. चार वर्षांत तिने जुनी गिरणी, पूल, चर्चचा पडका मनोरा, सगळ्याची नावं टिपली आणि आता गावच्या सभागृहाबाहेर मोठी पाटी लागणार होती. दुकानात व्हेरिटीचं नाव, दवाखान्यात व्हेरिटीचं नाव, चर्चच्या पायरीवरही तिचंच. एल्स्पेटचा नुसता जळफळाट व्हायचा.

पाटी रंगवायला देण्याआधी व्हेरिटी मजकुराचा कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आली. "एकदा नजर घाला ना. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

एल्स्पेटने वाचलं. किलब्रेच्या चढावर छप्पर उडालेलं एक गोल बांधकाम आहे, त्याबद्दल लिहिलं होतं: 'किल म्हणजे संताची कुटी. येथे पूर्वी एक साधू राहत असे.'

गावाच्या नावात किल दिसलं की शिकल्यासवरल्या माणसांना संत दिसतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. पण इथल्या जुन्या बोलीत धान्य वाळवायच्या भट्टीलाही किलच म्हणतात. एल्स्पेटच्या आजीने त्याच गोल बांधकामात ओट्स वाळवले होते.

ती सांगणारच होती. तेवढ्यात व्हेरिटी म्हणाली, "उद्घाटनाला विद्यापीठातले एक प्राध्यापक येणार आहेत. त्यांना फार आवडलंय काम."

"ठीक आहे सगळं," एल्स्पेट म्हणाली आणि तिला आणखी एक स्कोनचा पाव वाढला, लोणी जरा जास्तच लावून.

पुढचे तीन आठवडे एल्स्पेटला छान झोप लागली.

शनिवारी प्राध्यापकांनी कापड ओढलं. पाटीच्या तळाशी ठसठशीत अक्षरं होती: 'माहिती: एल्स्पेट रेनी'. व्हेरिटीचं नाव कुठेच नव्हतं.

मागून डॉड मच या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आवाज आला, "एल्स्पेट, पोरी, आपल्या भट्टीत साधू कधी भाजला गं?"

सगळे हसले. प्राध्यापकही. व्हेरिटी लालबुंद झाली. "चूक माझी आहे. यांचा काही संबंध नाही."

लगेच लोकांच्या नजरा मऊ झाल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. चुकली तरी लाड हिचेच, एल्स्पेटच्या मनात आलं, आणि ते काही तिला सोसवेना.

"संबंध कसा नाही?" ती म्हणाली. "हिने मला कागद दाखवला होता. मला ठाऊक होतं. मुद्दाम बोलले नाही."

डॉड टोपीचा काठ चाचपत राहिला.

"का पण?" व्हेरिटीने विचारलं.

"जो तो तुझंच नाव घेतो म्हणून."

"तुमच्या वह्यांचं मला डॉडने सांगितलं होतं," व्हेरिटी हळूच म्हणाली. "नाव घातलं तर कधीतरी दाखवाल, असं वाटलं." मग तिने पर्समधून पेन काढलं. "रंगारी सोमवारी येईल. काय लिहायचं, सांगा."

"भट्टी लिही," एल्स्पेट म्हणाली. "आणि नावं दोघींची घाल. तुझं खाली."