कोरडा गज

संजनाने व्हायोलिन हनुवटीखाली घेतले आणि गज मुठीपासून टोकापर्यंत तारांवरून ओढला. फरशीवरून वाळू लोटावी तेवढाच आवाज झाला. तहसीनने कान जवळ आणून तो ऐकला.

"परफेक्ट मॅम. काहीच नाही."

"काहीच नाही," संजना म्हणाली.

लग्नसमारंभ भरवणाऱ्या तहसीनच्या कंपनीत प्रत्येक कार्यक्रमाआधी हा तपास होत असे. राळ चोळल्याशिवाय गजाचे केस तारेला धरत नाहीत आणि तार बोलत नाही. म्हणून संजनाच्या पेटीत दोन गज असत, एक राळेचा आणि एक कोरडा, आणि अलीकडे कोरडाच तिला अधिक पोसत होता. संगीत लॅपटॉपमधून येई. वादक येत ते पाहुण्यांच्या फोटोंत संगीत दिसावे म्हणून. निमंत्रणपत्रिकेवर मात्र 'लाइव्ह' हा शब्द सोनेरी अक्षरांत छापलेला असे, आणि जिवंतपणाचा एवढा पुरावा बहुतेकांना पुरत असे.

शेजारच्या खुर्चीवर समाधान चेलो घेऊन बसला होता. गाव माणकडचे, नोकरी शारजातल्या हमरियाच्या एका कारखान्यात फिटरची, आणि सुटीच्या दिवशी मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी. चेलो त्याला येत नव्हता, आणि म्हणूनच त्याचा हात कधी चुकत नसे. ज्याला वाजवता येते त्याचा हात सवयीने सुरामागे धावतो. समाधानचा फक्त पाठ केलेल्या हालचालीमागे जाई. दाढीमुळे तो क्लोजअपमध्ये विदेशी वाटतो, असे तहसीनचे मत होते.

"ताई, माझ्या तारांखाली नवा स्पंज घातलाय त्यांनी," तो हळूच म्हणाला. "गादीच म्हणा की. चेलोला झोप लागंल."

"हसू नका सर. आधीच्या व्हायोलिनवाल्याने दुल्हनच्या एंट्रीला खराखुरा वाजवला. पहिल्या टेबलवर दोन व्हायोलिन ऐकू आले. खलास. क्लायंटपण गेला, तोपण गेला." तहसीन रायगडच्या आईबापांची, शारजात जन्मलेली, मराठी तिला घरापुरती येत होती आणि संजनाशी ती हट्टाने मराठीच बोले. "मॅम, सूर्य खाली गेला की 'सनसेट इमोशनल'. मधे विंडचा पार्ट येतो ना, तिथे व्हायोलिन खाली, नजर समुद्राकडे. पाठ आहे?"

"पाठ आहे."

ते का पाठ होते, हे तहसीनला ठाऊक नव्हते.

'सनसेट इमोशनल'ची फाइल गेल्या आठवड्यात फोनवर आली होती. अबुधाबीत अल रीम आयलंडवरच्या हॉटेलात न्याहारीचे वादन आटोपून संजना पार्किंगमध्ये आली होती आणि तिथून तिला दुबईत गझलवाल्यांच्या एका कार्यक्रमाला पोचायचे होते. गाडीची डिकी हेच तिचे कपाट. तीत हॉटेलचा काळा झगा, मंडळाची पैठणी, गझलवाल्यांसाठीचा चिकनचा कुर्ता आणि लग्नांचा जरीचा अंगरखा अशा चार संजना घडी घालून ठेवलेल्या असत. तिने झग्यावरून कुर्ता चढवता चढवता, हालचाल पाठ करायची म्हणून, फाइल लावली. पहिल्या सुराआधी एक श्वास ऐकू आला. नाकाने घेतलेला, मधे किंचित अडकलेला. कुर्त्याच्या बाहीत तिचा हात अर्ध्यावर राहिला.

तो युसुफभाईंचा श्वास होता.

श्रीवर्धनचे युसुफभाई आणि ती अनेक वर्षे अमिरातीतल्या हॉटेलांत, लग्नांत आणि स्टुडिओंत शेजारी शेजारी बसून वाजवीत आली होती. ते पहिले व्हायोलिन, ती दुसरे. इतरांच्या कामांच्या फटीत त्यांनी एकदा स्वतःचे काम काढले: अजमानमध्ये, टायरच्या दुकानावरच्या एका स्टुडिओत, पूरिया धनाश्री या सांजवेळच्या रागातले जोडवादन. आधी त्यांची बाजू मुद्रित झाली. एका ठिकाणी ते तीव्र मध्यमापर्यंत चढत आणि तिथेच थांबत. पुढचा पंचम संजनाचा होता, आणि त्या पंचमापासून खाली षड्जापर्यंतची सारी उतरणही तिचीच. 'ही तुझी जागा,' ते म्हणाले होते, 'हिच्यात मी पाय नाय ठेवायचा.'

दुसऱ्या दिवशी तिला अबुधाबीत लग्न होते. मग मंडळाचा गणेशोत्सव, मग गझलवाल्यांचा दौरा, मग एका बँकेची जाहिरात. जागा थांबेल, असे तिने गृहीत धरले. जागा थांबली, युसुफभाईंचा व्हिसा थांबला नाही; ते श्रीवर्धनला परतले. पुढे स्टुडिओ बुडाला, त्यातले ध्वनिमुद्रण घाऊक विकले गेले, आणि कुठल्याशा तंत्रज्ञाला ती रिकामी जागा दोष वाटली असावी. त्याने साऱ्याखाली चेलो जोडला आणि त्या जागेत वाळवंटातला वारा भरला. तो वारा सुरू झाला की पाहुणे डोळे टिपत असत. मनुष्यजातीने विरहाविषयी आजवर जे काही लिहिले, त्याची परिणती भावनांच्या मालाला दिलेल्या एका इंग्रजी नावात व्हावी, याबद्दल कुणाला काही वाटल्याचे दिसत नव्हते.

आज दुपारी, इथे पोचल्यावर, गाडीतून न उतरताच तिने त्यांना फोन लावला होता. पूर्वी दर ईदला लावत असे. मग एका ईदला राहून गेले, आणि त्यानंतर लावायला कारण लागू लागले.

"काय गो बाय, जिवंत हायस काय?"

"आहे, युसुफभाई. तुमचं कसं चाललंय?"

"भावाच्या दुकानात बसतो. सुपारी, नारळ. गिऱ्हाईक नसला की झोपतो. तुझ्या हॉटेलवाल्यांपेक्षा बरा."

"आणि व्हायोलिन?"

"भाचीला दिला, यम्नाला. ती त्याच्यावर काय करते अल्लाला ठाव. शेजारच्या मांजरी बेघर झाल्या."

ती हसली. हसताहसताच तिने सांगून टाकले की ती पूरिया धनाश्री सापडली आहे. लग्नांत वाजते आहे. ते संतापतील, निदान कुणी विकली हे तरी विचारतील, असे तिला वाटले होते. पलीकडे तराजूचे पारडे खाली आल्याचा आवाज झाला.

"वाजते?" ते म्हणाले. मागे दुकानातला पंखा घरघरत होता. "तुझी जागा भरलीस काय?"

संजनाने काचेवर साचलेल्या धुळीकडे पाहिले.

"भरली."

"पंचम कसा घेतलास?"

"खालून. तुम्ही सोडला होता तिथूनच."

"मंग झाला," ते म्हणाले. "मंग झाला. ठेव आता, गिऱ्हाईक आलाय."

पंखा तसाच घरघरत होता. कुणी आल्याची चाहूल नव्हती.

"यल्ला, चला, दहा मिनिटं!" तहसीन बाहेरून ओरडली.

संजना पाणी प्यायच्या निमित्ताने पडद्यामागे गेली. पेटीच्या कप्प्यातून तिने फडक्यात गुंडाळलेली राळ काढली. मधाच्या रंगाची ती वडी मधोमध झिजून खोलगट झाली होती. क्षणभर तिने ती परत फडक्यात गुंडाळली. आधीच्या व्हायोलिनवाल्याला आता कुणीच बोलावत नाही, हे तिला माहीत होते. मग तिने फडके उलगडले आणि राळ कोरड्या गजाला चोळली, पण फक्त टोकाकडच्या निम्म्या केसांना. मुठीकडचा अर्धा भाग तसाच कोरडा ठेवला.

किनाऱ्यावर व्यासपीठ उभारले होते. पश्चिमेला खरा सूर्य समुद्रात उतरत होता, आणि त्याच्याकडे पाठ करून पाहुणे अवाढव्य पडद्यावरचा सूर्यास्त पाहत होते. तो अधिक लाल होता. वधूवर आले. फोन उंचावले गेले. ध्वनिक्षेपकांतून तो श्वास आला, आणि संजनानेही त्याच क्षणी नाकाने श्वास घेतला.

ती मुठीकडच्या कोरड्या केसांनी त्यांचा भाग मूकपणे ओढत राहिली. कुठे ते मींड लांबवतात, कुठे सूर लागल्यावर मनगट सैल सोडतात, हे तिला फाइलवरून शिकावे लागले नव्हते. समाधानचा हात शेजारी घड्याळासारखा चालला होता. तीव्र मध्यम आला, ताणला गेला, आणि थांबला.

वारा सुरू झाला.

व्हायोलिन खाली आले नाही. संजनाने गज टोकाकडे सरकवला आणि पंचमावर टेकवला.

तार बोलली. त्या वाऱ्याखाली तो आवाज कितीसा असणार? तिच्या जबड्याच्या हाडापर्यंत पोचला, फार तर शेजारच्या खुर्चीपर्यंत. पंचमावर ती हवी तेवढी थांबली, मग घाई न करता एकेक सूर खाली आली. एक गंधार मळकट लागला, तो तिने तसाच राहू दिला. षड्जावर ती पोचली तेव्हा वारा विरत होता, आणि त्या विरण्यातून युसुफभाईंचे व्हायोलिन पुन्हा आत आले. नेमके षड्जावर, तिने आणून सोडले होते तिथेच. जणू ते इतका वेळ खुर्चीत मागे रेलून ऐकत होते.

गज आपोआप कोरड्या बाजूकडे परतला.

सामान आवरताना तहसीन फोन पुढे करीत आली. "मॅम, हे काय? विंडमध्ये तुमचा हात चालूच आहे. ट्रॅकमध्ये तिथे व्हायोलिनच नाही! ज्याला म्युझिक कळतं तो लगेच पकडेल ना." मग ती समाधानकडे वळली. "आणि सर, तुम्हीपण? पूर्ण विंडभर तुम्ही पुतळा. चेलो वाजतोय आणि हात बंद. तुमचा हात तर कधीच चुकत नाही."

"ध्यान गेलं," समाधान म्हणाला. तो संजनाकडे पाहत नव्हता.

"दोघं एकाच जागी कसे चुकता?"

"चुकलो," संजना म्हणाली. "पुन्हा बघून घेऊ."

तहसीनचा आवाज निवला. तिची नजर व्हायोलिनवर गेली. तारांखाली, काळपट लाकडावर, राळेची बारीक पांढरी भुकटी सांडली होती.

"वाळूपण उडालीय बघा." तिने टिश्यू पुढे केला.

"राहू दे," संजना म्हणाली. "घरी पुसते."

तिने व्हायोलिन तसेच पेटीत ठेवले आणि झाकण लावले. समाधानने न विचारता पेटी उचलली. एरवी तो ती खांद्याला अडकवत असे. आज मात्र दोन्ही हातांवर आडवी धरून, काठोकाठ भरलेले पातेले न्यावे तशी, हळूहळू गाडीपर्यंत घेऊन गेला.