राखेच्या बांधावरची सगरी

"सगरी उथळ खोदू नको वो कुसुम. कोपरापर्यंत हात बुडला पाहिजे, नाईतं छठमायचं तोंड वाकडं होते."

सासू दर कमरछठीला हे सांगायची. औंदा सांगायला ती नव्हती. लेकरांसाठी धरायचं हे व्रत. बाया तळ्याकाठी लहानसा खड्डा खोदतात, तीच सगरी. तिच्यात पाणी ओतून पूजा करतात.

पण तळंच आटलं होतं. गाव उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीमागचं. जमीनदार दत्तोपंतानं कारखान्याची राख टिपरनं आणून तळ्यात येणाऱ्या नाल्यावर बांध घातला, वरच्या अंगाला पाणी तुंबवून मासे सोडले. गावानं अर्ज केले, पाय धरले. "नाला माया जमिनीतून जाते," एवढंच त्याचं उत्तर. गेल्या साली कुसुमची धानाची रोवणी उभ्याउभ्या जळली, अन् लांबच्या बोरिंगवरून पाणी आणता आणता सासू पडली ती उठलीच नाही. तेरवीला दत्तोपंत जेवायला आला. बुंदी दोनदा मागून घेतली. कुसुमनं ती वाढली. पण तेव्हापासून ती देवापुढं बसली की तोंडी नाव देवाचं असे आणि डोळ्यापुढं तो बांध.

कमरछठीच्या सकाळी ती त्याच्या ओट्याशी उभी राहिली.

"मालक, तळ्यात थेंब नाई. औंदा सगरी तुमच्या बांधावर खोदू द्या. पाणी तिथंच हाये."

"खोदा, खोदा! पुण्याचं काम. माही बायको बी उपाशीच हाये, तिले बी न्या!"

दुपारी साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया बांधावर लोटल्या. कुसुम हळू आवाजात म्हणाली, "एकीले लागून एक खोदा. अन् पाणी ओतताना हात आखडू नका."

शेजारची नवी सून मोनाली घामाघूम झाली. "दीदी, और कितना गहरा?"

"छठमाय मोठी हाये, पोरी. खोद."

दत्तोपंताची बायको विजयाबाई घागर घेऊन आली, खड्ड्यांची ओळ पाहून थबकली. "काहून वो, सगरी करून राहिल्या का विहीर?"

खोदता खोदता कुसुमची लोखंडी सब्बल थांबली. विजयाबाईनं खालच्या भेगाळल्या तळ्याकडं पाहिलं.

"तुयी सासू या तळ्याकाठचा बिननांगराचा पसहर तांदूळ मले उपासाले आणून देत जाय," ती म्हणाली, आणि सगळ्यांत खोल खड्ड्यात घागर उपडी केली.

राख भिजली की तिचा नुसता रबडा. खड्डा खड्ड्याला मिळाला. "सरका!" कुसुम ओरडली. बाया काठाला पळाल्या, तोच बांधानं ढेकर दिला आणि मधोमध बसला. नाला सुटला.

दत्तोपंत बनियनवरच धावत आला. रोहू उड्या घेत गावतळ्याकडं निघाले होते.

"माये मासे! अडवा वो!"

"उपासाच्या दिवशी मासोळीले हात कसा लावाव, मालक?" एका म्हातारीनं विचारलं. बायांनी पदरात तोंडं खुपसली.

"हसा! उद्या टिपर लावून दुप्पट बांधतो!"

"बांधा," कुसुम म्हणाली. आवाज देवघरातलाच. "तुमी बांधत जा, आमी फोडत जाऊ. तुमी थकेपर्यंत येऊ. छठमायची आण."

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाल्याकडून टिपरची घरघर ऐकू आली. कुसुमनं तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. मग सब्बल खांद्यावर घेतली आणि घाई न करता नाल्याची वाट धरली.