आधी येऊन गेलेली

दवाखान्यानं घरोघरी जाणाऱ्या नर्ससाठी एक छोटी गाडी घेतली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला किल्लीऐवजी एक कागद दिला. "सिस्टर, आधी परवाना. मग किल्ली." कागदावर चार गोष्टी होत्या. राहत्या घराचा पुरावा, चार फोटो, डोळे तपासल्याचं प्रमाणपत्र आणि जन्माचा दाखला.

सत्तेचाळीस वर्षांच्या सिस्टरला सगळे सिस्टरच म्हणत. वीस वर्षं ती पट्ट्या आणि इंजेक्शनांची पिशवी खांद्याला लावून जिने चढत आली होती आणि आता गुडघे कुरकुरायला लागले होते. गाडी म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, अशातली गत. घराचा पुरावा घरातच होता. जन्माचा दाखला मात्र कुठेच सापडेना.

"शाळेचा दे की," आई म्हणाली. ती खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होती. "आजवर सगळं त्याच्यावरच झालं."

"इथं तो चालत नाही, आई."

लोकरीचा गुंडा आईच्या मांडीवरून घरंगळून पलंगाखाली गेला, तरी तिनं तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर सिस्टर फोटो काढायला गेली. फोटोग्राफरनं तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि मग थांबला. "परवाचे पसंत पडले नाहीत का?"

"परवा मी आले नव्हते."

त्यानं काउंटरखालून एक पाकीट काढलं. आत चार फोटो होते. चेहरा तिचाच. तेच कपाळ, तीच किंचित वाकडी हनुवटी. पण चष्मा नव्हता, आणि गालफडं पार बसलेली. अंगात उंच गळ्याचं करड्या रंगाचं काहीतरी होतं. असा कपडा तिच्याकडे कधीच नव्हता.

"तुम्हीच म्हणालात, बाकीचे कागद जमवून येते, तोवर राहू द्या," फोटोग्राफर म्हणाला. तो थट्टा करणाऱ्यातला नव्हता. सिस्टरनं आपले फोटो काढून घेतले आणि ते पाकीटही पिशवीत टाकलं. जगात एकासारखी एक माणसं असतात, असं तिनं मनाला समजावलं. घरी पोचेपर्यंत तिच्या मनानं ऐकलंही.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे मात्र ते ऐकेना. त्यांनी वही उघडून भुवया वर केल्या. "अहो, कालच तुमचे डोळे तपासले मी. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचलीत. आज हा चष्मा कुठून आला?"

वहीत तिचं नाव होतं, घराचा पत्ता होता. सही तिच्या सहीसारखी होती, पण पहिल्यांदाच लिहायला शिकलेल्या मुलानं काढावी तशी, एकेक अक्षर सुटं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी सिस्टरचं बोट थांबलं. दिवस वेगळा, महिना वेगळा, आणि साल दोन वर्षं आधीचं.

"ती मी नव्हते. ती काही बोलली का?"

"फारसं नाही. हात फार गार होते. मी म्हटलंसुद्धा, रक्त तपासून घ्या."

जन्ममृत्यूची नोंदणी होते त्या कचेरीत सिस्टर गेली ती भर दुपारी. लांबलचक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, मध्ये एक बाक. निवृत्तीला टेकलेल्या कारकूनबाईंनी आईवडिलांची नावं विचारली, जाड रजिस्टर आणलं, मग आणखी एक आणलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवली.

"तुमच्या आईवडिलांच्या दोन मुली. दोघींचं नाव एकच," त्या म्हणाल्या. "ही दुसरी नोंद तुमची. पहिलीपुढे शेरा आहे, बघा."

समासात लाल शाईनं लिहिलं होतं. वयाच्या नवव्या महिन्यात मयत.

सिस्टरनं आजवर कितीतरी मरणं पाहिली होती, उशाशी बसून पाहिली होती. तरीही ती ओळ तिनं बोट ठेवून पुन्हा वाचली.

"परवाच्या बाई तुमच्या कोण?" कारकूनबाईंनी आवाज खाली आणला. "त्यांना या पहिल्या नोंदीचा दाखला हवा होता. म्हटलं, बाई, ही मुलगी गेली, हिचा जन्माचा दाखला घेऊन कुठे जाणार? त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या बाकावर जाऊन बसल्या. कचेरी बंद होईपर्यंत बसून होत्या. मी दिवे मालवताना वळून पाहिलं तर नव्हत्या. दार तर माझ्या समोरच होतं."

दोघींनी बाकाकडे पाहिलं. त्यावर कुणी नव्हतं. तरी दाखल्यासाठी ताटकळलेली तीन माणसं भिंतीला टेकून उभीच होती.

घरी आल्यावर सिस्टरनं आपला दाखला आईसमोर ठेवला. काय विचारायचं ते विचारावं लागलंच नाही.

"ताप आला होता," आई म्हणाली. "तीन दिवसांत खेळ आटोपला. मग तू झालीस. तुझे वडील म्हणाले, तेच नाव ठेवू, म्हणजे ती परत आली असं समजू. मला पटलं नव्हतं गं. पण तेव्हा मला कोण विचारत होतं? तुला हाक मारली की दरवेळी वाटायचं, दोघी ओ देतील."

सत्तेचाळीस वर्षांत आई तिला नावानं फारशी हाक मारत नसे, बाळच म्हणे. हे सिस्टरच्या आत्ता ध्यानात आलं. तिनं पिशवीतून पाकीट काढलं. द्यावं की नाही, तिचं ठरेना. मग दिलं.

आईनं फोटो उजेडात धरला. ती किंचाळेल, फोटो टाकून देईल, असं सिस्टरला वाटलं होतं. आईनं अंगठ्यानं त्या चेहऱ्यावरची नसलेली धूळ पुसली.

"किती वाळली आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला उद्या तिथं ने."

चार वर्षांत आई जिना उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एकेक पायरी मोजत उतरली. कचेरीत ती कुणाशी बोलली नाही, सरळ बाकावर जाऊन बसली, टोकाला, शेजारी जागा सोडून. सिस्टर दाराशी उभी राहिली. कागदांची सळसळ चालू होती, कुणीतरी शिंकलं, आणि आई त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हळू आवाजात, कामाचं सांगावं तसं बोलत राहिली. काय बोलली ते सिस्टरला ऐकू आलं नाही. शेवटचे तीन शब्द तेवढे आले.

"चल आता घरी."

आई उठली. बाकाची लाकडी फळी दोनदा करकरली. सिस्टर बाजूला झाली आणि तिनं दार नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवलं.

त्यानंतर कुठेही तिच्या आधी कुणी येऊन गेलं नाही. अर्ज गेला, महिनाभर शिकणं झालं, परीक्षेत तिनं गाडी एकदाच बंद पाडली, आणि परवाना आला. त्यावर चष्म्यासकट तिचाच चेहरा होता, तिचीच तारीख होती.

आईला पहिली फेरी मारायची होती. सिस्टरनं पुढचं दार उघडलं. आई म्हणाली, "नको, मागेच बरं," आणि मागे बसून खिडकीशी सरकली, अगदी दाराला खेटून. सिस्टरनं गाडी सुरू केली, आरसा नीट करायला हात वर नेला आणि तो परत स्टिअरिंगवर ठेवला. रस्ता मोकळा होता. मागे आई बोलत होती, हे दुकान पूर्वी नव्हतं, इथं आपला दवाखाना, या वळणावर तुझे वडील कामाला होते. यातलं एकही सिस्टरला नवीन नव्हतं. तिनं गाडी सावकाश चालवली, म्हणजे सगळं नीट बघून होईल.