दार मोजणाऱ्या सिस्टर

जर्मनीहून आलेल्या सिस्टर उल्रिके सकाळी प्रार्थना करायच्या, दुपारी मुकाट्याने वरणभात खायच्या आणि संध्याकाळी खिशातून टेप काढून भिंती मोजत सुटायच्या. हे शेवटचं किशोरीला बिलकूल पटलेलं नव्हतं.

सुकापूरच्या सिस्टरांच्या घरात, म्हणजे नन्सच्या कॉन्व्हेंटात, तळमजल्यावर एक ऐसपैस खोली होती. दहावीच्या मुली रोज तिथे अभ्यासाला बसायच्या. किशोरीच्या घरी खोल्या कमी, माणसं जास्त आणि टीव्ही कायम चालू. ही खोली गेली की दहावी गेली, इतकं सरळ होतं ते.

"अगं, उल्रिके सिस्टरांचं तिकडचं मंडळ आणि आपल्या सिस्टरांचं मंडळ, दोघांची भागीदारी झालीय," दिपिका म्हणाली. ती खांदा कॉलनीत फ्लॅटात राहणारी, तिला सगळं जग गोडच दिसायचं.

"भागीदारी? आमच्या गावात भागीदारी बिल्डरशी होते!"

घरी भामाआत्याने तर शिक्काच मारला. "टेप घेऊन आलेला मानूस पावना नसतो, पोरी. आमच्या भाताच्या खाचरानबी पयला टेपच आलता. मंग टावर."

दुसऱ्या दिवशी उल्रिके अभ्यासाच्या खोलीच्या दारापाशी उभ्या. दार मोजलं, परत मोजलं, नकारार्थी मान हलवली. इथल्या मुख्य सिस्टर रेजिना काहीतरी बोलणार, तेवढ्यात मुली दिसल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. झालं! किशोरी ताडकन उठली.

"सिस्टर, घर विकताय ना?"

रेजिना खो खो हसल्या. "विकायला हे काय माझ्या बापाचं आहे?"

"मग दार कशाला मोजलं?"

हसू थांबलं. "हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, बाळा. त्यांचं तिकडचं घर बंद होतंय. नवीन मुली सिस्टर व्हायला येतच नाहीत. दोन म्हाताऱ्या सिस्टर राहिल्यात, तरुणपणी इकडेच नर्स होत्या. त्या आता आपल्याकडे राहायला येणार. पण त्यांची व्हीलचेअर या दारातून जात नाही."

"या खोलीत?"

"तळमजल्यावर दुसरी आहे कुठे?"

म्हणजे बिल्डर नाही, पण खोली जाणारच! किशोरीचे डोळे भरून आले, म्हणून तिने आवाज आणखी चढवला. "आणि आम्ही कुठे जायचं?"

उल्रिकेंनी रेजिनांना इंग्रजीत विचारलं, ही मुलगी काय म्हणतेय? उत्तर ऐकून त्या थेट किशोरीशीच बोलल्या. मुलींनी इथेच बसायचं. पलंग भिंतीकडे, टेबल मध्ये. तिकडच्या घरात आता कुणाचा आवाजच येत नाही, त्या दोघींना तेच सोसत नाही.

सुरुवातीला सगळे असंच गोड बोलतात. बिल्डर गावालाही असंच बोलले होते.

"आम्ही ओरडून पाठांतर करतो हां," किशोरीने इंग्रजीत बजावलं.

"करून दाखव," उल्रिके म्हणाल्या.

किशोरीने इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि खच्चून सुरुवात केली. दिपिकाने कानात बोटं घातली. उल्रिकेंनी खुर्ची ओढली, बसल्या, डोळे मिटले. ऐकतायत, झोपल्यात, की सहन करतायत? कपाळाला एक आठी पडू दे, मग बघतेच! किशोरी पान उलटताना त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघायची, आणि पुढचा परिच्छेद आणखी मोठ्याने वाचायची.