दुपारची मरळ

"घंटा वाजवून बघा, साहेबराव. शाळेच्या पोरांवानी मासे रांगेत येतील," नानासाहेब बांधावरून म्हणाले आणि खोकला येईपर्यंत स्वतःच हसले.

साहेबरावांनी पाण्यावरची नजर काढली नाही. पडेगावच्या मागच्या पाझर तलावावर ते पहाटे सहापासून उकिडवे बसले होते आणि आता आठ वाजत आले होते. कानाला मफलर, अंगात मुलाचं जुनं जर्किन, हातात बांबूची काठी. काठीला तंगूस, तंगुसाला गळ, गळाला जिवंत मासोळी, आणि गळ कुठं आहे ते कळावं म्हणून पाण्यावर मोरपिसाचा पांढरा देठ. तो देठ दोन तासांत तसूभरही हलला नव्हता. पाण्यावरून वाफ निघत होती. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ निळं होतं.

नानासाहेबांचं शेत तलावाला लागूनच होतं. मोटार सुरू करायला ते रोज सकाळी यायचे आणि साहेबरावांना एक तरी टोमणा मारल्याशिवाय जायचे नाहीत. साहेबरावांनी चौतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून काढली होती, म्हणून टोमणा बहुधा घंटेवरूनच असायचा. साहेबराव एरवी सव्याज परत करायचे. पण आज त्यांना बोलायला उसंत नव्हती. त्यांना मरळ हवी होती. तीही आजच.

त्याचं असं झालं होतं. महिन्यापूर्वी त्यांच्या बायकोचं, चंपाबाईंचं, पोटाचं ऑपरेशन झालं. टाके भरले, तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, आता आजार काही नाही, फक्त जेवा. आणि चंपाबाई जेवतच नव्हत्या. दोन घास घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या. अंगावरच्या चोळीचं माप दोन बोटं सैल झालं होतं. साहेबरावांनी वरणभात करून बघितला, लापशी करून बघितली, भाकरी दुधात कुस्करून बघितली. सगळ्याला एकच उत्तर यायचं, "नगं."

मग तीन दिवसांपूर्वी, रविवारी, आभाळ भरून आलं. हवा कोंदट झाली. साहेबराव सहज म्हणून तलावावर आले, तर मासे वेड लागल्यासारखे तुटून पडत होते. गळ पाण्यात पडायचा अवकाश. चिलापी निघाल्या, एक शिंगाळा निघाला आणि चांगल्या हातभर लांबीच्या दोन मरळी निघाल्या. घरी खाणार कोण, असा विचार करून त्यांनी दोन्ही मरळी नानासाहेबांना देऊन टाकल्या. आणि त्याच संध्याकाळी चंपाबाई खाटेवरून, भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या की मरळीचं कालवण असतं तर दोन घास गेले असते.

महिन्याभरात बाईनं तोंडानं मागितलेली ही एकच गोष्ट.

साहेबराव दुसऱ्या पहाटेच काठी घेऊन निघाले. पण रात्रीतून वारं फिरलं होतं. उत्तरेकडून असा गारठा आला की सकाळी सायकलचं हँडल धरवेना. पारा आठावर उतरला. आणि तलावातले मासे कुणी उचलून नेल्यासारखे नाहीसे झाले. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी त्यांनी शहागंजच्या बाजारातून मरळ विकतही आणली होती. चंपाबाईंनी वाटी नाकाजवळ नेली आणि बर्फातली आहे म्हणून खाली ठेवली. नानासाहेबांनी मात्र भेटेल त्याला सांगितलं होतं की रविवारच्या दोन मरळींसारखी चव त्यांनी जन्मात चाखली नव्हती.

नऊ वाजले तसे साहेबरावांनी काठी आवरली. साडेनऊला चंपाबाईंना जेवायला वाढायचं असायचं. तेवढ्यात कडूबाई शेळ्या घेऊन बांधावर आल्या. सत्तरीच्या बाई, पण चालायला शेळ्यांच्या पुढं. माहेर गोदाकाठचं, बाप भोई, त्यामुळं माशांविषयी कुणी विचारलं नाही तरी त्या बोलायच्या.

"भाऊ, तुमी मासा झोपलेला आसताना येता अन् त्यो उठायच्या येळंला घरी जाता," त्या म्हणाल्या.

"तीस वर्सं गळ टाकतोय मी. मासा पहाटंच खातो."

"उन्हाळ्यात खातो. थंडीच्या लाटंत नाय. पाणी गार पडलं की त्याचं अंग आखडतं. खाली गाळात पडून ऱ्हातो, तोंडाम्होरं घास आला तरी तोंड उघडीत नाय. वारं फिरायच्या आदल्या दिशी मातूर पोटभर खाऊन घेतो. त्याला आपल्या आदी कळतं."

साहेबरावांना रविवार आठवला. कडूबाईंनी मग पुढचंही सांगितलं. दुपारी दोनला यायचं, या खोल बाजूला नाही, पलीकडं सांडव्यापाशी. तिथले काळे दगड उन्हानं तापतात आणि दगडालगतचं वीतभर पाणी कोमट होतं. मरळ तिथं हवा घ्यायला वर येते. आमिष बारीक लावायचं आणि अजिबात हलवायचं नाही.

साहेबरावांना हे पटलं नाही. पण खोटं आहे असंही छातीठोक सांगता येईना, कारण त्यांनी हा तलाव दुपारचा कधी पाहिलाच नव्हता. शाळा साडेदहाला भरायची. त्याआधी पहाटेचा गळ, साडेनऊला जेवण, दहाला सायकल. निवृत्त झाले आणि गुलमंडीतल्या एका कापडदुकानाच्या दारावर बसायला लागले, तेव्हाही तीच वेळ. रविवारी मुलांबरोबर जेवून दुपारी झोप. बायकोच्या ऑपरेशनसाठी दुकान सोडलं, तोवर त्यांच्या आयुष्यात दुपार अशी नव्हतीच. त्यामुळं ती असते कशी, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी रोजच्यासारखं साडेनऊच्या ठोक्याला ताट वाढलं. खाटेसमोर स्टूल ओढला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. चंपाबाईंनी घास मोडला, तोंडात घातला, इकडून तिकडं फिरवला. साहेबराव त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आणखी एक घास घे म्हणून ते म्हणाले, मग मुलाची, राजेंद्रची, शपथ घातली, मग रागावले. चंपाबाईंनी ताट सरकवलं. सून विशाखा अंगणवाडीत शिकवायची. ती पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहून हे बघत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण सासऱ्याचा चेहरा बघून ती तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबराव पहाटे उठले नाहीत. दीडला निघाले, पावणेदोनला सांडव्यापाशी पोहोचले. दगडाला हात लावला तर तो तव्यासारखा नसला तरी भाकरी झाकून ठेवलेल्या टोपलीसारखा उबदार होता. त्यांनी बोटभर मासोळी लावली आणि गळ दगडाच्या कडेला सोडला.

पाच मिनिटं झाली नाहीत तोच सवयीनं त्यांचा हात हलायला लागला. थोडी ओढ, थोडी ढील.

"गप बसा की, भाऊ," कडूबाई मागून म्हणाल्या. "गारठल्याला जीव हाय त्यो. त्याच्याम्होरं नाचून काय उपेग? ठिवा अन् इसरून जा."

विसरणं साहेबरावांना जमणारं नव्हतं, पण हात त्यांनी दगडावर ठेवला. शेळ्या बोरीचा पाला ओरबाडत होत्या. ऊन पाठीत मुरत होतं. अर्धा तास गेला. मग दगडालगत पाणी जरासं फुगलं, एक काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेऊन गेलं. साहेबरावांनी श्वास धरला. देठ बुडाला नाही, उडाला नाही. नुसता कडेला कलला आणि सावकाश चालायला लागला, जशी एखादी म्हातारी दुकानात उगाच भाव विचारायला शिरते. त्यांनी दहापर्यंत आकडे मोजले आणि काठी उचलली.

मरळ किलोभराची होती. थंडीमुळं बिचारीनं झुंजही फार दिली नाही. साहेबरावांनी कडूबाईंपुढं हात जोडले. त्या म्हणाल्या की हात कसले जोडता, डोकं तेवढं मला आणून द्या, मला मरळीचं डोकं आवडतं. वाटेत नानासाहेब आडवे आले. साहेबरावांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. नानासाहेब वाकून आत बघून टोमणा न मारताच पुढं गेले, हे अनेक वर्षांत पहिल्यांदा घडलं.

सव्वातीनला ते घरी आले तेव्हा विशाखा अंगणवाडीतून आलेलीच होती. तिनं राख लावून मरळीचा चिकटा काढला, तुकडे केले, लसूण-धने वाटले, तिखट हात राखून टाकलं. घरभर वास सुटला. खाटेवरून चंपाबाईंनी मान वळवली. साहेबरावांनी ते पाहिलं आणि घाईनं ताट वाढलं. ज्वारीची गरम भाकरी, वाटीत कालवण, वर मऊ तुकडा. ताट खाटेवर ठेवलं, स्टूल ओढला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

चंपाबाईंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. तोंडापर्यंत नेला. नवऱ्याकडं पाहिलं. आणि तुकडा परत ताटात ठेवला.

साहेबरावांना ओरडायचंही होतं आणि रडायचंही होतं. तेवढ्यात विशाखा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिनं एकदाचं बोलून टाकलं.

"मामा, रागावू नका. आत्याबाईंना कुणी बघत असलं की घास उतरत नाही. मी दहा वर्षं बघतेय. सगळ्यांचं झालं, भांडी झाली की त्या दुपारी मागच्या पायरीवर उन्हात बसून एकट्या जेवतात."

साहेबरावांनी बायकोकडं पाहिलं. "खरं?"

"खरं न्हाय तर काय," चंपाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण त्यात खोडकरपणा होता. "सकाळी साडेनवाला मी कदी जेवलेय व्हय? अन् तुमी तर असं बसता जणू मी गळाला लागायचीय. तोंड हाललं की तुमची मान हालती."

"मग महिनाभर बोलली का नाय?"

"तुमी दुकान सोडून माज्यासाठी हातानं वाढाया लागले. आता तुमाला उठा कसं म्हनू?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. साहेबराव मनाशी आठवत राहिले. लग्नातला घास सोडला, तर बायको जेवताना कशी दिसते ते त्यांना आठवेना.

मग ते उठले. विशाखानं आणि त्यांनी मिळून चंपाबाईंना मागच्या पायरीवर नेलं. तिथं अजून ऊन होतं. पायरीच्या मधोमध दगड एका माणसापुरता गुळगुळीत झाला होता. चंपाबाई नेमक्या तिथंच टेकल्या. साहेबरावांनी शाल पाठीवर टाकली, ताट पुढं ठेवलं आणि लागलीच आत आले. दार ओढून घेतलं नाही, नुसतं लोटलं.

विशाखा हळूच म्हणाली, मामा, तुम्हीपण जेवून घ्या. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

ते दाराकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून पाटावर बसले. बराच वेळ बाहेरून काही ऐकू आलं नाही. शेजारच्या कोंबड्या ओरडल्या, लांब दौलताबादच्या रस्त्यावर एक गाडी गेली. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कालवण भुरकल्याचा. आणि मग ताटाच्या कडेला माशाचा काटा ठेवल्याचा, अगदी बारीक, टिक असा.

साहेबरावांची मान वळायला आली होती. त्यांनी ती वळू दिली नाही.

टिक. थोडं थांबून परत, टिक.

"इशाखे," बाहेरून चंपाबाईंनी हाक मारली, "अजून चतकोर हाय का गं?"

विशाखा भाकरी घेऊन बाहेर गेली. साहेबराव भिंतीकडं तोंड करून तसेच बसून राहिले, ऊन पायरीवरून उतरेपर्यंत.