काळी फरशी

लोकांची बाथरूम सजवून देण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. या बावीस वर्षांत तिने काय काय येताना-जाताना पाहिलं! गुलाबी कमोड आणि त्याला जुळणारं गुलाबी बेसिन, फुलाफुलांच्या टाइल्स, सोनेरी नळ; मग सगळं पांढरंशुभ्र, मग सगळं राखाडी. "कधी जुनं वाटणार नाही असं काहीतरी करा," असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणे, आणि सात-आठ वर्षांत त्यातले निम्मे पुन्हा तिच्याच दारात उभे असत.

आईला एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा ती तिला आपल्या घरी घेऊन आली. आई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग आपण जेवलो की नाही ते. मुलीला मात्र अजून ओळखायची, निदान बहुतेक वेळा.

आईच्या खोलीला लागून असलेली बाथरूम तिने मुळापासून नवी करायला घेतली. काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. उंबरठा काढून टाकला, भिंतीला धरायचे दांडे, बसून आंघोळ करता येईल असा कट्टा, चटका बसणार नाही असा नळ. भिंती पांढऱ्या, कमोड पांढरा आणि खाली काळीभोर, खरखरीत फरशी.

पंधरा वर्षं तिच्याबरोबर काम करणारे मिस्त्री फरशी हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. "ताई, काळीच लावायची?"

"अजिबात घसरत नाही ही. आणि काळं-पांढरं कधी शिळं होत नाही, मिस्त्री."

मिस्त्रींनी मान हलवली आणि कामाला लागले. काम असं झालं की पाहत राहावं. तिने फोटोसुद्धा काढले.

पहिल्या दिवशी सकाळी आई दारापर्यंत आली आणि थबकली. दोन्ही हातांनी तिने चौकट घट्ट धरली.

"चल ना आई."

"नको गं. खोल आहे."

"काय खोल आहे? फरशी आहे ती. हे बघ." ती आत गेली आणि पाय आपटून दाखवला.

आई किंचाळली. "बाहेर ये! आधी बाहेर ये तू! बुडशील!"

तीन दिवस तिने आईचं अंग खोलीतच ओल्या फडक्याने पुसून घेतलं. चौथ्या दिवशी तिचा संयम सुटला. तिला कामावर जायला उशीर होत होता. तिने आईचा दंड धरला आणि ओढलं. आईने पाय रोवले, मग ती दारातच मटकन खाली बसली आणि भीतीने तिथेच तिचे कपडे ओले झाले.

"पुरे झाला हा हट्ट!" ती ओरडली. आपला आवाज इतका चढू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

आईने मान वर करून परक्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. "थांबा तुम्ही," ती रडत म्हणाली, "माझ्या मुलीला येऊ दे. तिला सांगते सगळं."

त्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. आईला कोरडं करून झोपवलं आणि मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री हात हलवत आले, हत्यारं न घेता. सगळं ऐकून घेतलं आणि आई बसली होती तिथेच दारात फतकल मारून बसले. "ताई, जरा इथे बसून बघा."

ती बसली. समोरच्या छोट्या खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर होता, खाली काहीच नव्हतं. पांढरं जिथे संपत होतं, तिथून काळोख सुरू होत होता. तिचा हात नकळत चौकटीकडे गेला.

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"मन कचरत होतं. पण का, ते सांगता आलं नसतं मला," मिस्त्री म्हणाले. "आणि तुम्ही इतक्या हौसेने करत होतात."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातले सगळे नमुने काढून आईच्या येण्याजाण्याच्या वाटेवर अंथरले. निळ्या फरशीपाशी येताच आईने पाणी असल्यासारखे कपडे वर धरले. ठिपक्यांची फरशी पाहून ती वाकली आणि सांडलेलं वेचू लागली. चकचकीत राखाडीला तिने वळसा घातला. शेवटी एक बिस्किटाच्या रंगाची साधी, बिननक्षीची फरशी होती. असली फरशी ती कित्येक वर्षं लोकांच्या घरांतून उखडून टाकत आली होती. आई तिच्यावरून सरळ चालत गेली. खाली पाहिलंसुद्धा नाही.

मिस्त्रींनी महिनाही न झालेली फरशी छिन्नीने फोडायला घेतली. शेवटचा घाव पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. "पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोडही दिसत नसेल त्यांना," काम करता करता मिस्त्री म्हणाले. मग त्याला लालभडक झाकण आणि बैठक बसली. दुसऱ्या कुणी असलं काही मागितलं असतं, तर तिने मनातल्या मनात नाक मुरडलं असतं.

फरशी पक्की झाल्यावर आई आपल्या पायांनी आत गेली आणि कट्ट्यावर जाऊन बसली. ती आईच्या पाठीवर कोमट पाणी घालू लागली. पाठ किती लहान झाली होती! खांद्याची हाडं वर आली होती. तिने हळूहळू साबण लावला. कुठे जायचं नव्हतं.

"तुम्ही रोज येणार का?" आईने विचारलं.

"हो. रोज येईन."

"बरं होईल. तुमचा हात हलका आहे." मग आवाज खाली आणून आई म्हणाली, "माझी मुलगीही चांगली आहे हो. फक्त तिला वेळ नसतो."

तिने मगभर पाणी घेतलं आणि ते आईच्या खांद्यावरून सावकाश सोडलं. "डोळे मीट," ती म्हणाली. "तोंड धुते, साबण जाईल डोळ्यांत."

आईने लहान मुलीसारखे डोळे मिटून घेतले.